गर्दी वेगळी, हजेरी वेगळी

कामं आटोपून बसला असाल, नाहीतर भाकरी थापता थापता ऐकत असाल, तरी चालेल. आज जरा लांबची गोष्ट सांगणार आहोत, थेट अमेरिकेची. पण ती आमच्या मनात आली ती गावातल्याच एका बैठकीतून.

त्याचं झालं असं. मागच्या महिन्यात आम्ही सहयोगिनींनी किशोरी गटाच्या मुलींना आणि त्यांच्या आयांना बोलावलं होतं. ज्यांना अठरा पूर्ण झालीत त्यांची मतदार यादीत नावं आहेत का, एवढंच बघायचं होतं. बघतो तर निम्म्याहून जास्त मुलींची नावंच नाहीत. का म्हणून विचारलं तर एक आई म्हणाली, "ताई, वर्षा-दोन वर्षांत लग्न होईल. मग सासरीच घालू की नाव." दुसरी म्हणाली, "ती शिकायला शहरात आहे, इथं नाव घालून काय करू?" आणि बी.कॉम.ला असलेली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, आमच्या मतानं काय होतंय? तिकीट कुणाला द्यायचं ते आधीच वर ठरलेलं असतं. आम्ही फक्त बटण दाबायचं."

खरं सांगतो, तिला लगेच उत्तर देता आलं नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडे तिकीट पक्षाची मोठी माणसं ठरवतात. पण आमच्यातली एक म्हणाली, की अमेरिकेत तिकीट कुणाला द्यायचं यासाठीसुद्धा लोक मत देतात, आणि तिथल्या कॉलेजच्या पोरापोरींनी त्यात मोठमोठ्यांना घाम फोडलाय. मग आम्ही त्याबद्दल वाचलं, एकमेकींना समजावून सांगितलं. त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर आज रेडिओवरून देतोय.

आधी ही पद्धत समजून घेऊ. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबरात होते. मोठे पक्ष दोन, डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन. पण त्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, प्रत्येक पक्ष आपला उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत मतदान घेतो. त्याला म्हणतात प्रायमरी. एकाच पक्षाचे पाच-सहा, कधी वीस इच्छुक असतात. सामान्य माणूस मतदान केंद्रावर जाऊन सांगतो, की आमच्या पक्षाचं तिकीट याला द्या किंवा हिला द्या. ज्याला जेवढी मतं, त्या हिशेबानं त्याच्या बाजूचे प्रतिनिधी निवडले जातात. उन्हाळ्यात पक्षाचं अधिवेशन भरतं आणि ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त प्रतिनिधी, तो उमेदवार.

काही राज्यांत मतपेटीऐवजी सभा भरते, तिला कॉकस म्हणतात. आपल्या ग्रामसभेसारखीच समजा. आयोवा नावाचं राज्य आहे, मक्याचं आणि वराहपालनाचं. २०२० पर्यंत सगळ्यात आधी निवड व्हायची ती तिथे. कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी सातच्या सुमाराला लोक शाळेत, चर्चमध्ये, वाचनालयात जमायचे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभेत तर चिठ्ठीही नसायची. एका उमेदवाराचे पाठीराखे या कोपऱ्यात, दुसऱ्याचे त्या कोपऱ्यात, आणि डोकी मोजायची. बहुतेक ठिकाणी ज्या गटात जमलेल्यांपैकी १५ टक्के माणसंही नाहीत, तो गट मोडायचा आणि त्यातल्या लोकांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं.

आता पहिल्या एक-दोन राज्यांना एवढं महत्त्व का? तिथे जिंकणाऱ्याचं नाव देशभर होतं, देणग्या येऊ लागतात, लोकांना वाटतं की हा खरंच निवडून येऊ शकतो. जो तिथे आपटतो त्याचे पैसे आटतात आणि तो महिनाभरात घरी बसतो. म्हणून लहानशा राज्यातल्या थोड्या हजार लोकांचं वजन फार.

याचं आपल्या जवळचं एक उदाहरण देतो. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले मराठी माणूस, श्री ठाणेदार. ते २०२३ पासून अमेरिकेच्या संसदेत आहेत, मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या भागातून. त्या भागात डेमोक्रॅटिक पक्षाचा जोर एवढा, की नोव्हेंबरातला निकाल जवळजवळ ठरलेला. खरी लढत झाली ती ऑगस्ट २०२२ मधल्या प्रायमरीत. तिथे बरेच इच्छुक होते, मतं वाटली गेली आणि ठाणेदार एकूण मतांच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी मतांवर पुढे निघाले. म्हणजे बघा, प्रायमरीला थोडे लोक येतात, आणि जे येतात ते ठरवतात. तरुणांची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

आता मागे जाऊ, १९६८ सालात. अमेरिका तेव्हा व्हिएतनाममध्ये लढत होती. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना सक्तीनं फौजेत घ्यायचे. पण मताचा अधिकार मात्र बहुतेक राज्यांत एकविसाव्या वर्षी. म्हणजे बंदूक अठराव्या वर्षी हातात आणि मतपत्रिका तीन वर्षांनी. पोरं चिडणार नाहीत तर काय?

राष्ट्राध्यक्ष होते लिंडन जॉन्सन, डेमोक्रॅटिक पक्षाचे. त्यांच्याच पक्षाचे खासदार युजीन मॅकार्थी युद्धाच्या विरोधात उभे राहिले. कुणी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही. पण कॉलेजची मुलं न्यू हॅम्पशायर राज्यात जाऊन थडकली. तेव्हा लांब केस आणि दाढी ठेवायची टूम होती, आणि घराघरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचा राग. मग या मुलांनी काय केलं? केस कापले, दाढ्या केल्या, मुलींनी नीटनेटके कपडे घातले आणि बर्फातून दारोदार फिरले. त्यातल्या कित्येकांना स्वतःला मतच नव्हतं! ज्यांना मत होतं त्या मोठ्या माणसांना ते समजावत होते.

१२ मार्च १९६८ ला निकाल लागला. जॉन्सन यांना ४९ टक्क्यांच्या आसपास, मॅकार्थींना सुमारे ४२. मॅकार्थी हरलेच, पण गादीवर बसलेल्या राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्याच पक्षात एवढी टक्कर मिळावी ही मोठी नामुष्की. चार दिवसांनी रॉबर्ट केनेडीही मैदानात उतरले. आणि ३१ मार्चला जॉन्सन यांनी दूरदर्शनवरून सांगून टाकलं, की आपण पुन्हा उभे राहणार नाही.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. जूनमध्ये केनेडींचा खून झाला. ऑगस्टमध्ये शिकागोला अधिवेशन भरलं तेव्हा तिकीट मिळालं ह्यूबर्ट हंफ्री यांना, ज्यांनी एकाही प्रायमरीत भाग घेतला नव्हता. कारण तेव्हा प्रायमरी मोजक्याच राज्यांत व्हायच्या आणि बाकीचे प्रतिनिधी पक्षाचे पुढारी ठरवायचे. आमची बी.कॉम.वाली म्हणाली ना, तिकीट वर ठरतं, अगदी तसंच. बाहेर रस्त्यावर पोरं निषेध करत होती आणि पोलीस त्यांना झोडपत होते. सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. हंफ्री नोव्हेंबरात हरले.

या फजितीनंतर पक्षानं समिती नेमली आणि नियम बदलले. तिकीट बंद खोलीत ठरवायचं नाही, लोकांना विचारायचं. आणि प्रतिनिधींमध्ये बायका, तरुण आणि काळ्या समाजासारखे अल्पसंख्य लोक त्यांच्या संख्येच्या मानानं हवेत. मैत्रिणींनो, याचा परिणाम ऐका. १९६८ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात बायका होत्या शंभरात १३. चार वर्षांनी, १९७२ ला, शंभरात ४० च्या आसपास. बायकांची चळवळ तेव्हा जोरात होतीच, पण दार उघडलं ते पोरांच्या गोंधळामुळे. आणि १ जुलै १९७१ ला अमेरिकेची २६ वी घटनादुरुस्ती मंजूर होऊन अठरा वर्षांच्या सगळ्यांना मत मिळालं. आपल्याकडे हेच ६१ व्या घटनादुरुस्तीनं झालं, मार्च १९८९ पासून. त्याआधी आपल्याकडेही एकवीसच होतं.

आता वाटेल, मत मिळालं म्हणजे झालं. १९७२ ला जॉर्ज मॅकगव्हर्न नावाचे उमेदवार तरुणांच्या बळावर प्रायमरी जिंकून तिकीट घेऊन आले. आणि नोव्हेंबरात ५० पैकी ४९ राज्यांत हरले. कशामुळे? पंचविशीच्या आतले मत द्यायला आले ते साधारण निम्मेच. आणि आलेले सगळे काही मॅकगव्हर्न यांच्या बाजूचे नव्हते, मोठा वाटा निक्सन यांच्याकडे गेला. कारण तरुण म्हणजे फक्त कॉलेजची मुलं नव्हेत. कारखान्यात काम करणारा, शेतावर राबणारा, बाळ कडेवर घेतलेली वीस वर्षांची आई, हेही तरुणच. त्यांची दुखणी वेगळी, त्यांचा विचार वेगळा.

त्यानंतर बरीच वर्षं पुढाऱ्यांनी एकच पाठ केलं होतं: पोरं सभेला येतात, मतदानाला येत नाहीत. आणि मग आलं २००८ साल.

३ जानेवारी २००८. आयोवात कॉकस. हिलरी क्लिंटन यांचं नाव मोठं, पुढे त्याच असणार असं बहुतेकांना वाटत होतं. बराक ओबामा पहिल्याच मुदतीतले खासदार, वय ४६. त्यांच्या लोकांनी वर्षभर आधीपासून कॉलेजांत आणि शाळांत काम सुरू केलं होतं. शाळांत कशाला? कारण आयोवात नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतरा वर्षांच्या मुलामुलींनाही कॉकसमध्ये भाग घेता येतो. त्या पोरांना कॉकस म्हणजे काय, कुठे जायचं, किती वाजता पोचायचं, कुठल्या कोपऱ्यात उभं राहायचं, याची तालीम दिली. नुसतं "या बरं का" म्हणून सोडलं नाही.

त्यात ३ जानेवारी म्हणजे कॉलेजला सुट्टी. बऱ्याच जणांना वाटलं, आता पोरं कसली येतात. पण झालं उलटंच. पोरं सुट्टीला आपापल्या गावी होती, आणि गावोगावच्या कॉकसला गेली. प्रत्येक केंद्राच्या वाट्याला किती प्रतिनिधी, हे आधीच ठरलेलं असतं. सगळी पोरं एका कॉलेजच्या गावात एकवटली असती तर तिथे ढीगभर मतं पडूनही प्रतिनिधी तेवढेच मिळाले असते. विखुरली म्हणून ठिकठिकाणी कामाला आली.

त्या रात्री डेमोक्रॅटिक कॉकसला सुमारे २ लाख ३९ हजार लोक आले. चार वर्षांपूर्वी आले होते सव्वा लाखाच्या आसपास. दारातच केलेल्या पाहणीत दिसलं, की शंभरातले २२ जण तिशीच्या आतले होते, जवळपास ६५ च्या वरच्यांइतकेच. आणि त्या तरुणांपैकी ५७ टक्के ओबामांच्या कोपऱ्यात.

आता आपण गटाच्या हिशेबासारखा हिशेब मांडू. जमलेले शंभर. त्यात तरुण २२. त्यातले ओबामांकडे साधारण १२ किंवा १३. ओबामांना एकूण मिळाले ३८ टक्के. म्हणजे त्यांचा तिसरा हिस्सा तरुणांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरवरच्यांना मिळाले ३० आणि २९. आता ते १२-१३ जण घरी बसले असते तर? ओबामा पहिले आले असते का? तुम्हीच सांगा. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये हिलरी जिंकल्या, लढत जूनपर्यंत चालली, आणि बाकी बऱ्याच लोकांनी ओबामांना हात दिला. पण आयोवा हातचं गेलं असतं तर ते तिथवर पोचले असते का, हा प्रश्नच आहे.

तुम्हाला वाटेल, तरुणांना तरुण उमेदवार आवडतो. तेही खरं नाही. २०१२ ला आयोवातच रिपब्लिकन पक्षात तरुणांची सगळ्यात जास्त पसंती होती रॉन पॉल यांना, वय ७६. आणि २०१६ ला डेमोक्रॅटिक पक्षात बर्नी सँडर्स, वय ७४, केस पांढरेशुभ्र. दोघांचे विचार एकमेकांच्या अगदी उलट. सारखं एवढंच, की दोघं वर्षानुवर्षं एकच गोष्ट सरळ बोलत आले होते. सँडर्स म्हणत होते, सरकारी कॉलेजात फी नको, कमीत कमी मजुरी तासाला १५ डॉलर करा. तिथे मुलं शिक्षणासाठी कर्ज काढतात आणि चाळिशी आली तरी फेडत राहतात. हप्त्याचं ओझं काय असतं ते आपल्याला नव्यानं सांगायला नको.

२०१६ च्या आयोवा कॉकसमध्ये तिशीच्या आतल्या शंभरातल्या ८४ जणांनी सँडर्स यांना पसंती दिली. एवढं असूनही हिलरी अगदी थोडक्यात पुढे राहिल्या, ४९.८ विरुद्ध ४९.६. कारण आलेल्यांमध्ये तरुण होते १८ टक्के, आणि ६५ च्या वरचे त्याहून कितीतरी जास्त. पुढे त्या सगळ्या मोसमात तिशीच्या आतल्या २० लाखांहून जास्त जणांनी सँडर्स यांना मत दिलं, हिलरी आणि डोनाल्ड ट्रम्प या दोघांना मिळून तरुणांची जेवढी मतं पडली त्याहून जास्त. तरी तिकीट हिलरींना.

त्यात न्यू यॉर्कचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. तिथे प्रायमरीत मत द्यायचं तर आधी त्या पक्षाचा मतदार म्हणून नोंद लागते. मतदान होतं १९ एप्रिल २०१६ ला. पण ज्यांचं नाव यादीत होतं आणि पक्षाची नोंद बदलायची होती, त्यांच्यासाठी मुदत होती ९ ऑक्टोबर २०१५, म्हणजे सहा महिन्यांहून आधी! कित्येक तरुणांना सँडर्स यांचं म्हणणं पटलं तेव्हा मुदत टळून गेली होती. आणि गंमत म्हणजे ट्रम्प यांची मुलगी इव्हान्का आणि मुलगा एरिक यांचीही मुदत चुकली. त्यांना स्वतःच्या वडिलांना प्रायमरीत मत देता आलं नाही. एवढ्या मोठ्या घरातल्यांची ही गत, तर साध्या घरातल्या पोरांचं काय? पुढे २०१९ मध्ये तिथला हा नियम बदलला.

२०२० ला सँडर्स पुन्हा उभे राहिले. सभांना तुडुंब गर्दी. न्यू हॅम्पशायर जिंकलं, नेवाडा जिंकलं. मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना आलं. तिथे काळ्या समाजातले मोठ्या वयाचे मतदार, त्यात बायका खूप, दर निवडणुकीला न चुकता येणारे. त्यांनी जो बायडन यांना उचलून धरलं. तीन दिवसांनी, ३ मार्चला, १४ राज्यांत एकाच दिवशी मतदान झालं आणि बायडन पुढे निघून गेले. दुसऱ्या दिवशी सँडर्स यांनी स्वतःच कबूल केलं, की तरुणांना मतदानाला आणण्यात जेवढं यश हवं होतं तेवढं मिळालं नाही. ८ एप्रिलला त्यांनी माघार घेतली.

आता सगळा दोष पोरांवर टाकून मोकळं होऊ नका. तिथे मतदान बहुतेक मंगळवारी असतं, आणि देशभर सरसकट सुट्टी नसते. पोरं सारखी पत्ता बदलतात, आज या गावात कॉलेज, उद्या त्या गावात नोकरी, आणि दर वेळी नाव नव्यानं नोंदवायला लागतं. विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या गावी मत द्यावं की नाही यावरूनच भांडणं झालीत. टेक्सासमधल्या एका काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७९ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूनं निकाल लागला. त्याच टेक्सासमध्ये, ह्यूस्टन शहरातल्या टेक्सास सदर्न विद्यापीठातल्या केंद्रावर ३ मार्च २०२० ला लोक सहा-सहा तास रांगेत उभे होते, मध्यरात्र उलटून गेली तरी. कुणी येत नाही, आणि कुणाला येऊ देत नाहीत, यात फरक आहे. आपण बायकांनी तो ओळखायला हवा.

मग तरुणांच्या हाती काहीच लागलं नाही का? लागलं. जुलै २०१६ मध्ये हिलरींनी जाहीर केलं, की वर्षाला १ लाख २५ हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना त्यांच्या राज्यातल्या सरकारी कॉलेजात फी नको. तेच पुढे मार्च २०२० मध्ये बायडन यांनी उचललं, सँडर्स यांनी माघार घेण्याआधीच. ज्याला हरवलं त्याचं म्हणणं का उचललं? कारण नोव्हेंबरात त्याच पोरांची मतं लागणार होती. ऑगस्ट २०२२ मध्ये बायडन सरकारनं शिक्षणाचं कर्ज १० हजार डॉलरपर्यंत, आणि गरीब घरच्या मुलांचं २० हजारांपर्यंत, माफ करायचं ठरवलं. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. म्हणजे पदरात सगळं पडलं नाही. पण जो विषय आधी कुणी तोंडावर घेत नव्हतं तो थेट राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर पोचला.

अगदी अलीकडचं सांगायचं तर २७ फेब्रुवारी २०२४, मिशिगन राज्य. गाझातल्या युद्धात अमेरिका जी भूमिका घेत होती ती न पटलेल्या लोकांनी, त्यात अरब वंशाचे नागरिक आणि कॉलेजांतले तरुण पुष्कळ, बायडन यांच्या नावासमोर खूण न करता "कुणालाही बांधील नाही" या रकान्यात खूण केली. एक लाखाहून जास्त लोकांनी, म्हणजे शंभरातल्या १३ जणांनी. आपल्याकडच्या नोटासारखंच वाटतं ना? पण तिथे फरक असा, की त्या मतांवरही अधिवेशनाला प्रतिनिधी मिळाले. घरी बसून राग काढण्यापेक्षा केंद्रावर जाऊन राग नोंदवला, म्हणून तो मोजला गेला.

तर मैत्रिणींनो, या सगळ्यातून आम्हाला जे कळलं ते आपल्या गटाच्या भाषेत सांगतो. आपल्या पंचसूत्रीत पहिलं सूत्र कुठलं? नियमित बैठक. मेळाव्याला पाचशे बायका येतात, हार-तुरे होतात, फोटो निघतात. पण कर्ज कुणाला द्यायचं, हे ठरतं साप्ताहिक बैठकीत, ज्या हजर असतात त्यांच्यात. जी येत नाही तिची अडचण खरी असली तरी त्या दिवशी कुणी मांडत नाही. अमेरिकेत पोरांची सभांना गर्दी प्रत्येक वेळी झाली. २००८ ला गर्दीसोबत हजेरीही लागली, कारण कुणीतरी वर्षभर आधीपासून त्यांना हाताला धरून शिकवलं. ज्या वेळी हजेरी कमी पडली त्या वेळी उमेदवार पडला.

आता त्या बी.कॉम.च्या मुलीला सांगतो. बाळा, आपल्याकडे प्रायमरी नाही, तिकीट वर ठरतं, हे तुझं बरोबर. पण १९६८ पर्यंत तिथेही ते बरंचसं वरच ठरत होतं. ज्यांना मतही नव्हतं त्या पोरांनी ते बदलायला लावलं. आणि तिकीट वाटणारेही यादी बघतातच. कुठल्या गावात, कुठल्या वयाचे, किती मतदार, याचा हिशेब ते करतात. त्या यादीत अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली दिसल्याच नाहीत, तर त्यांच्या कॉलेजच्या एस.टी.चं, वसतिगृहाचं, नोकरीचं कुणी कशाला बोलेल?

आणि आयांना सांगतो. नाव घालायला लग्नाची वाट बघू नका. आता वर्षात चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. यातल्या ज्या तारखेला मुलगी अठरा पूर्ण करते, त्या तारखेच्या हिशेबानं तिचं नाव लागतं. सतरा पूर्ण झाली की अर्ज आगाऊही भरता येतो. नवीन नावासाठी नमुना ६, आपल्या भागाच्या बीएलओंकडे किंवा मोबाइलवरून. उद्या लग्न होऊन किंवा नोकरीमुळे गाव बदललं तर नमुना ८ भरून नाव तिकडे हलवता येतं. आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही विधानसभेचीच यादी घेतात, ठरलेल्या एका तारखेची. त्या तारखेनंतर कितीही धावपळ केली तरी त्या वेळेपुरतं नाव लागत नाही. न्यू यॉर्कच्या पोरांचं झालं तेच.

आम्ही आमच्या ग्रामसंघात असं ठरवलंय, की येत्या बैठकीत हजेरीवहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीनं आपल्या घरातल्या सतरा ते वीस वर्षांच्या मुलामुलींची नावं लिहायची. सुनांची सुद्धा, बरं का. लग्न होऊन आली, माहेरच्या यादीत नाव आहे आणि इथे नाही, अशा कितीतरी सुना आहेत. आमच्यातल्याच दोघींची नावं लग्नानंतर चार वर्षं कुठेच नव्हती. तेव्हा कुणी सांगायला नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही. ते आमच्या मुलींच्या वाट्याला येऊ नये एवढंच.

ती बी.कॉम.ची मुलगी परवा फॉर्म घेऊन आली होती. सोबत मैत्रिणीही होत्या. म्हणाली, "मॅडम, तिकिटाचं बघू नंतर. आधी यादीत तर शिरते." तुमच्या गावात कुणाची नावं राहिलीत ते पुढच्या बुधवारी आम्हाला फोन करून नक्की सांगा.